सादर, म्हणजे कुणाकडे?

सरकारी कायदा कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक लांबट खोली आहे. तिथल्या तिसऱ्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळे मुदतताई म्हणतात. फौजदारी खटल्यात खालच्या कोर्टानं आरोपीला निर्दोष सोडलं आणि सरकारला ते पटलं नाही, तर वरच्या कोर्टात अपील करायला नव्वद दिवस मिळतात. ते नव्वद दिवस मोजायचे, हे ताईंचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळायचे असतात, शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर पुढचा कामाचा दिवस धरायचा असतो, आणि नकलेच्या पाठीवरच्या शिक्क्यात तीन तारखा असतात: मागितली कधी, तयार झाली कधी, नेली कधी. नक्कल तयार होऊन नुसती पडून राहिली, ते दिवस वगळता येत नाहीत. नवखा माणूस इथंच आपटतो.

ताई कॅलेंडरकडे बघत नसत. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरसर फिरे आणि तारीख तोंडात येई. वकील मंडळी अर्ध्या जिन्यातूनच ओरडत, "ताई, अठ्ठावीसचा निकाल, नकलेत सोळा दिवस गेले!" आणि ताई हातातला चहाचा कप खाली न ठेवता उत्तर देत. एकोणीस वर्षांत त्यांच्या टेबलावर एकही मुदत बुडाली नव्हती. निदान त्यांची तशी समजूत होती, आणि कार्यालयाचीही.

त्यांच्या यजमानांचं मात्र तारखांशी वाकडं. ते शिंपी. बाजारामागच्या गल्लीत दुकान, दोन शिलाई मशिनं, आणि दारात कायम कुणीतरी भांडायला उभं. गिऱ्हाईक आलं की हे हसून म्हणत, "झालंच समजा." ‘झालंच समजा’ म्हणजे कापड अजून कापलेलंही नाही, हे ताईंना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्यांच्याच लग्नानंतरचा पहिला ब्लाउज त्यांना पाच महिन्यांनी मिळाला. "तुमच्यासारखा माणूस आमच्या हापिसात असता तर सगळे खुनी मोकळे सुटले असते," असं त्या म्हणत. नवरा म्हणे, "सुटू देत की. एकेकाचं माप घेतो."

त्यांना हा विनोद नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिला.

ताईंच्या टेबलावर एक जाडजूड नोंदवही असे. अनुक्रमांक, खटला, निकालाची तारीख, नकलेचे दिवस, शेवटची मुदत, आणि उजवीकडे शेवटचा रकाना: ‘सादर’. त्या नोकरीला लागल्या तेव्हा आधीच्या कारकुनानं निवृत्त होण्यापूर्वी आठ दिवस त्यांना काम शिकवलं होतं. अपिलाचा कागद तयार करायचा, नस्तीत, म्हणजे फायलीत, लावायचा, साहेबांच्या टेबलावर ठेवायचा आणि त्या दिवसाची तारीख या रकान्यात लिहायची. "साहेबांपुढे ठेवलं की सादर. आपली जबाबदारी संपली," असं ते म्हणाले होते. एकोणीस वर्षं ताईंनी तेच केलं.

पाटीवाले काका पहिल्यांदा आले ते मुदत संपायला वीस दिवस राहिले असताना. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, नखांच्या कडेला निळा रंग बसलेला, तो कधी निघत नसे. त्यांचा मुलगा मालाचा टेम्पो चालवायचा. गोदामाच्या फाटकावर आधी माल कुणाचा उतरवायचा यावरून बाचाबाची झाली, तिघांनी त्याला मारलं, सहाव्या दिवशी दवाखान्यातच तो वारला. वय सव्वीस. खालच्या कोर्टानं तिघांना सोडलं, कारण एकुलत्या एका साक्षीदाराचा जबाब पोलिसांनी अकरा दिवस उशिरा घेतला होता. इतक्या उशिरानं सांगितलेल्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं निकालात लिहिलं होतं.

"म्हणजे उशीर पोलिसांनी केला आणि सुटले ते," काका म्हणाले. "मला हे काही उमगलं नाही, ताई."

"म्हणून तर अपील करतोय," ताईंनी सांगितलं. नोंदवही उघडली, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे बघा. कालच सादर झालंय."

काकांनी खिशातून छोटी वही काढून लिहून घेतलं. अक्षर असं की शिरोरेघ पट्टीनं मारल्यासारखी: *सादर झाले*, खाली तारीख. मग ते दर दुसऱ्या सोमवारी येऊ लागले. जिन्यातल्या बाकावर बसत, ताईंना वेळ झाला की आत येत. "ताई, काही?" "सादर झालंय काका, वरच्या कोर्टात नंबर लागायला वेळ लागतो. धीर धरा." ते वहीत पुन्हा तेच लिहीत. पाच महिने असे गेले.

मग एका बुधवारी आले. वार चुकला म्हणूनच ताईंनी मान वर केली.

"मीच जाऊन आलो वरच्या कोर्टात," काका म्हणाले. "खिडकीवरच्या माणसानं तीनदा शोधलं. म्हणतो, असं काही आमच्याकडे आलेलंच नाही."

"असं कसं होईल? त्याला शोधता येत नसेल."

"मीही तेच म्हणालो. तर तो म्हणाला, सादर झालं असं कोण म्हणतंय? मी म्हणालो, मुदतताई."

ताईंनी नोंदवही उघडली. तारीख तिथंच होती, त्यांच्याच अक्षरात. मागच्या पानावर बघितलं, पुढच्या पानावर बघितलं, जणू तारखेनं जागा बदलली असेल. मग त्या नोंदवही तशीच छातीशी धरून साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेब नवे. त्यांना येऊन सात महिने झाले होते. माणूस सज्जन, टेबल स्वच्छ, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची सवय. नेमकी हीच एक गोष्ट त्यांनी कधी विचारली नव्हती.

"साहेब, ते गोदामाच्या फाटकाचं प्रकरण. अपील गेलं ना?"

"गेलं की. तुमच्याच वहीत आहे. सादर."

"हो साहेब. तुम्हाला सादर."

"मला?"

"तुम्हालाच. बारा तारखेला तुमच्या टेबलावर ठेवलं."

"अहो बाई, बारा तारखेला कोर्टात सादर झालं असं मी समजलो! चौदाला मी सह्या केल्या, तेव्हा वहीत बाराची तारीख होती. मला वाटलं मूळ कागद गेलेला आहे, ही आपल्याकडे ठेवायची प्रत. सही करून कपाटात ठेवली."

"कपाटात?"

दोघांनी एकदमच कपाटाकडे बघितलं.

आत नऊ नस्त्या निघाल्या. नीट रचलेल्या, प्रत्येकीवर सही. चार अजून मुदतीत होत्या, पाच बुडालेल्या. गोदामाच्या फाटकाची खालून दुसरी.

"पण मग सात महिन्यांपूर्वी हे कोर्टात न्यायचं कोण?" साहेबांनी विचारलं, आणि सवयीप्रमाणे पुन्हा विचारलं, "म्हणजे, नेमकं कोण न्यायचं?"

उत्तर ताईंनाही त्याच क्षणी कळत होतं. नेत होते जावकनाना. म्हातारे शिपाई, जुन्या साहेबांचे. दुपारी चार वाजता ते साहेबांच्या टेबलावरून सही झालेलं जे दिसेल ते उचलत, पिशवीत घालत आणि रस्ता ओलांडून कोर्टाच्या खिडकीवर देऊन येत. त्यांना ते कुणी सांगितलं होतं, माहीत नाही. त्यांच्या कामाच्या यादीत ते नव्हतं, कुठल्याच यादीत नव्हतं. जुने साहेब निवृत्त झाले त्याच महिन्यात नानाही निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना शाल आणि घड्याळ मिळालं. त्यांची पिशवी खुंटीला लटकत राहिली. तिच्यात आता कुणीतरी छत्र्या ठेवत होतं.

त्याच दुपारी ताई स्वतः ते अपील आणि मुदतीतली चारही घेऊन रस्ता ओलांडून गेल्या. वाटेत फाटकाच्या प्रकरणासाठी अंगठा पेरांवरून फिरवला: मुदत संपून एकशे एकतीस दिवस. परत मोजले: एकशे एकोणतीस. तिसऱ्यांदा एकशे तेहेतीस. कोर्टाच्या खिडकीवर एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघून मोजलं. एकशे एकतीस.

उशिराच्या अपिलाला विलंब माफीचा अर्ज लागतो, आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्र. उशीर का झाला, एकेका दिवसाचं कारण. कोर्टाला पटलं तर विलंब माफ आणि अपील आत. नाही पटलं तर अपील कितीही दमदार असो, दारातच संपतं. ते तिघं कायमचे सुटतात. कार्यालयात यासाठी एक ठरलेलं वाक्य होतं, दुसऱ्या टेबलांच्या अपिलांसाठी ताईंनी ते शेकडो वेळा टंकलं होतं: ‘सदर नस्ती विविध टेबलांवरून फिरत असल्याने व प्रशासकीय कारणांमुळे विलंब झाला असून तो हेतुपुरस्सर नाही.’

साहेब म्हणाले, "तेच घाला."

सरकारतर्फे कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "ते वाक्य न्यायाधीशांना पाठ आहे, ताई. गेल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, कोणकोणती टेबलं, नावं सांगा. मी काय बोलणार? अर्ज फेटाळला. मला खरं कारण द्या."

"खरं कारण सांगितलं तर हसतील."

"हसू देत. पण एक लक्षात ठेवा. खरं लिहिलंत तर वहीतलं अक्षर तुमचं आहे. बोट तुमच्याकडे येईल."

ताई कागद घेऊन बसल्या. एकेक दिवस. पहिल्या दिवशी काय झालं? काहीच नाही, नस्ती कपाटात होती. दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या? पंचेचाळिसाव्या दिवशी त्या भाचीच्या बारशाला गेल्या होत्या. नव्वदाव्या दिवशी साहेबांना सर्दी झाली होती. या कशाचा नस्तीशी संबंध नव्हता. एकशे एकतीस दिवस काहीही झालं नाही, हे कारण म्हणून कसं लिहायचं? आणि चूक कुणाची? त्यांना शिकवलं तसं त्यांनी लिहिलं. साहेबांनी शब्दाचा जो अर्थ होतो तोच घेतला. नानांना निवृत्त व्हायचा हक्क होता. ज्यांनी काम शिकवलं ते तर आता हयातही नव्हते. सगळे बरोबर, आणि तरी नऊ नस्त्या कपाटात. ताई एका कुणावर तरी चिडायला बघत होत्या, पण चीड कुणापाशीच थांबेना.

घरी ताटावर बसल्या बसल्या त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही ‘झालंच समजा’ म्हणता, तेव्हा लोक काय समजतात?"

"झालं असं समजतात."

"आणि तुम्ही?"

"मी समजतो की त्यांना कळलंय, झालेलं नाही." त्यानं जरा विचार केला. "भांडण होतं ते तिथंच की. पण माझ्याकडे माणूस दारात येऊन भांडतो, म्हणून कपडा शिवून होतो. तुमच्याकडे आला तर तुम्ही त्याला बाकावर बसवता."

"टोमणा मारताय?"

"नाही गं. वरण वाढ."

ताईंनी वरण वाढलं, तेही भलत्याच वाटीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रतिज्ञापत्र लिहिलं. सव्वा पान झालं. रकाना, शब्द, त्याचे दोन अर्थ, जावकनाना, पिशवी. साहेबांनी ते दोनदा वाचलं, दोनदा नाक चोळलं आणि म्हणाले, "हे माझ्याबद्दलही आहे."

"हो, साहेब."

"पाठवा. म्हणजे... तुम्ही स्वतः घेऊन जा."

सुनावणीला ताई मागच्या बाकावर बसल्या. पाटीवाले काका दुसऱ्या टोकाला. त्या बुधवारनंतर ते कार्यालयात आले नव्हते. ताईंनी मान हलवली, त्यांनी हलवली की नाही ते नीट दिसलं नाही.

न्यायाधीशांनी प्रतिज्ञापत्र वाचलं. चष्मा काढला.

"एकोणीस वर्षांत एकानंही विचारलं नाही, सादर म्हणजे कुणाकडे?"

"नाही, साहेब," वकीलबाई म्हणाल्या. "तोवर नाना होते."

"आणि नानांच्या जागी आता कोण?"

"आता छत्र्या आहेत, साहेब."

कोर्टात हशा पिकला. ताई हसल्या नाहीत, काकाही नाहीत.

आरोपींचे वकील उभे राहिले, तेव्हा ते अजिबात हसत नव्हते. "उद्या सरकार शब्दकोश घेऊन येईल. माझ्या अशिलांपैकी एकाचं लग्न ठरलंय, एक नोकरीला लागलाय. नव्वद दिवस संपले तेव्हा त्यांना वाटलं, सुटलो. एका साध्या माणसाला एक दिवस उशीर झाला तर आपण त्याला दारातून परत पाठवतो. सरकारला एकशे एकतीस दिवस? का, तर बाईंना एका शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता म्हणून?"

हेही बरोबरच आहे, असं ताईंना वाटलं, आणि तसं वाटल्याची भीती वाटली.

आठवड्यानं निकाल लागला. कोर्टाबाहेरच्या फळ्यावर प्रकरणाच्या क्रमांकापुढे एकच शब्द होता: ‘निकाली’. काका ताईंच्या आधीच येऊन उभे होते. आणखी काही अक्षरं निघतील अशा आशेनं ते फळ्याकडे बघत होते.

"निकाली म्हणजे?" त्यांनी विचारलं.

अर्ज मंजूर झाला तरी निकाली, फेटाळला तरी निकाली. एरवी ताईंनी चेहरा बघून काहीतरी धीराचं बोलून टाकलं असतं.

"मला माहीत नाही, काका. चला, नक्कल घेऊ."

नक्कल विभागाच्या खिडकीवर दोघं दीड तास उभे होते. ताईंनी फक्त इतकं विचारलं, "पाट्यांचं काम कसं चाललंय?" काका म्हणाले, "आता छापील फलक आलेत." तेवढंच. नक्कल हातात आली तेव्हा ताईंनी सवयीनं आधी पाठ उलटून तीन तारखा बघितल्या, आणि ओशाळून ती काकांच्या हातात दिली. काकांनी चार पानं वाचली. एकेक अक्षर स्वतः रंगवायचं असल्यासारखं, बोट लावून. चौथ्या पानाच्या शेवटी बोट थांबलं. त्यांनी कागद ताईंपुढे धरला.

‘विलंब माफ करण्यात येत आहे. अपील दाखल करून घ्यावे. कार्यालयाने जबाबदारी निश्चित करून कोर्टास कळवावे.’

"म्हणजे आता झालं सादर?" काकांनी विचारलं.

ताईंनी तो शब्द घेतला नाही. "त्या खिडकीवर अपिलाला नंबर पडतो. तो मी तुमच्यासमोर घेते. नंबर पडला की झालं. त्याआधी नाही."

नंबर पडला. काकांनी वही काढली. ‘सादर झाले’च्या दहा-अकरा ओळींखाली त्यांनी तो नंबर लिहिला, शिरोरेघ न देता, कारण आकड्यांना ती नसते. वही मिटली.

"विलंब माफ झाला, काका," ताई म्हणाल्या. का म्हणाल्या, कुणास ठाऊक. बहुतेक ऐकायचं होतं म्हणून.

"कोर्टानं केला," काका म्हणाले. "मी अजून नाही केला." आणि जिना उतरून गेले.

चौथ्या दिवशी ताईंच्या टेबलावर एक पाकीट आलं. जबाबदारी निश्चित करण्याच्या कामी त्यांना नोटीस: ‘आपला लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’

ताईंनी वाक्य दोनदा वाचलं. तीन दिवस नोटिशीच्या तारखेपासून की हातात पडल्यापासून? अंगठा पेरावर टेकला आणि तिथंच राहिला. त्यांनी कॅलेंडर बघितलं, मग पेन घेतलं आणि खुलासा लिहिला. सव्वा पानांतलंच सगळं, शेवटी एक ओळ वेगळी: ‘चूक माझी आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही, काकांना ‘सादर झालं’ असं मात्र मीच सांगत होते.’ दोन प्रती काढल्या. मग लाकडी पट्टी घेतली आणि नोंदवहीतल्या शेवटच्या रकान्याच्या मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला लिहिलं ‘साहेबांकडे’, दुसऱ्या बाजूला ‘कोर्टाच्या खिडकीवर, नंबर’. खुंटीवरच्या पिशवीतल्या छत्र्या काढून कोपऱ्यात उभ्या केल्या.

चौकशीचं काम वरच्या मजल्यावरच्या आस्थापनेच्या खोलीत होतं. ताई दोन्ही प्रती घेऊन गेल्या. टेबलामागच्या कारकुनाच्या कानाला फोन होता. त्यानं मान न वळवता टेबलाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं कागदांची थप्पी होती.

"ठेवा तिथं."

"ठेवत नाही," ताई म्हणाल्या. "हातात घ्या. आणि या प्रतीवर सही द्या. तारीख घाला."

"अहो ताई, ठेवलं म्हणजे सादर झालंच की!"

ताई कागद धरून उभ्या राहिल्या, तो फोन ठेवेपर्यंत.